खालच्यांचा लोड

काकू कुणावर रागवायच्या नाहीत. राग येतो आणि जातो, त्यात आपलीच दमणूक होते, असं त्यांचं म्हणणं. त्या डूख धरायच्या. शांतपणे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मी दिल्लीला मयूर विहारच्या सोसायटीत भाड्याने राहायला आले तेव्हा शेजारचं दार त्यांचं होतं. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, हातात कायम विणकाम. ही बाई कुणाचं काय वाकडं करणार, असं मला सुरुवातीला खरंच वाटत होतं.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने कधीतरी त्यांच्या पिशवीत किडका मटार भरला होता. काकूंनी त्याला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. रोज त्याच्या गाडीपाशी थांबायच्या, शेंग सोलून बघायच्या, "वाह भैया, बहुत बढ़िया" म्हणायच्या आणि मटार शेजारच्या गाडीवरून घ्यायच्या. तो बिचारा दरवेळी आशेने पिशवी उघडून धरायचा. मी म्हटलं, काकू, आता पुरे की. त्या म्हणाल्या, "पुरे कधी, ते मी ठरवणार. मटार मी खाल्लाय."

संक्रांतीला त्या सगळ्या मजल्यांवर तिळगूळ वाटायच्या. ज्याच्याबद्दल मनात काही नाही त्याला "तिळगूळ घ्या, गोड बोला" असं पूर्ण म्हणायच्या. ज्याच्यावर डूख आहे त्याच्या हातावर वडी ठेवून नुसतं "तिळगूळ घ्या" म्हणायच्या आणि थांबायच्या. पंजाबी, बंगाली शेजाऱ्यांना अर्धं वाक्य गेलं कुठे हे कळण्याचा प्रश्नच नव्हता. ते हसून वडी तोंडात टाकायचे. मला मात्र त्या जिन्यात उभं राहून हसू आवरायचं नाही.

काकांपुढे ही बाई निराळी व्हायची. काकांना अर्धांगाचा झटका आलेला, वाचाही गेलेली, सगळं बिछान्यावर. काकू त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, आणि त्यांना न आवडणाऱ्या पुढाऱ्याची बातमी आली की मधे आपल्या पदरचे चार शब्द घालायच्या. काका डाव्या गालाने हसायचे. सकाळी दोन-दोन चादरी, पायजमे, टॉवेल धुवायला निघायचे. दिल्लीचा हिवाळा म्हणजे दिवसेंदिवस ऊन नाही, आणि बाल्कनीत टाकलेल्या कपड्यांना संध्याकाळी धुराचा वास. म्हणून त्यांच्या मुलीने बंगळूरहून पैसे पाठवून गरम हवेचा ड्रायर घेऊन दिला होता. त्यातून निघालेली उबदार चादर काकांच्या अंगाखाली घालताना काकू क्षणभर ती स्वतःच्या गालाला लावायच्या.

त्या डिसेंबरात ड्रायर बिघडला. बटण दाबलं की नुसता घूंऽऽ आवाज, ड्रम जागचा हलत नाही. प्लग काढून आम्ही दोघींनी ड्रम हाताने फिरवून पाहिला. अगदी हलका फिरला, म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं आणि पट्टाही तुटला नव्हता. मेकॅनिक दुपारी आला आणि त्याच्यासमोर ड्रायर शहाण्यासारखा फिरला. "चल तो रहा है, मैडम," म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घूंऽऽ. दुसऱ्या मेकॅनिकने कपॅसिटर बदलला. सकाळी पुन्हा तेच. काकू त्या दिवसांत चादरी इस्त्रीने वाळवायच्या. इस्त्रीने वाळवलेली चादर कोरडी दिसते, पण असतेच असं नाही.

आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. मीटररूमची किल्ली त्यांच्याकडे, इलेक्ट्रिशियन त्यांच्या हाताखाली. व्होल्टेज तर कमी नाही ना, असं विचारायला काकू वर गेल्या. सेक्रेटरींनी दारातच सांगितलं, "आंटीजी, मशीन पुरानी हो गई है. बदल लो." मशीन मागच्याच वर्षी घेतलेलं होतं. काकू खाली आल्या तेव्हा काकांच्या कमरेला लालसर चट्टा उठलेला मी पहिल्यांदा पाहिला.

उलगडा झाला तो योगायोगाने. एका सकाळी ड्रायर घुमत होता. एरवी मोटर जळू नये म्हणून काकू लगेच बटण बंद करायच्या, पण तेवढ्यात काकांना ठसका लागला आणि त्या आत धावल्या. मी बंद करायला गेले तर न्हाणीघरातला बल्ब पिवळट, मरतुकडा दिसला. त्याच वेळी वरच्यांचा, नळाचं पाणी खेचणारा पंप थांबला. बल्ब लख्ख झाला, आणि ड्रायर हिसका देऊन फिरायला लागला. दारात आलेल्या काकू बल्बकडे बघत होत्या.

इलेक्ट्रिशियनला त्यांनी चहा पाजला. त्याने सरळ मनाने सांगितलं, की सेक्रेटरींच्या घरात हीटर आणि गीझर वाढले, त्यांची फेज पुरेना, म्हणून दिवाळीनंतर त्यांचं कनेक्शन काकूंच्या फेजवर, म्हणजे काकूंच्याच विजेच्या तारेवर घेतलं. "साहब ने ही बोला था. नीचे दो बुज़ुर्ग हैं, इनका लोड ही क्या है." काकूंनी त्याला आणखी एक बिस्किट दिलं.

मी खवळले. मीटिंगमध्ये उभं करू, सगळ्यांसमोर विचारू, असं म्हणत होते. काकू सुया चालवत म्हणाल्या, "अगं, तक्रार केली की माणूस सुधारतो. मला तो सुधारायला नकोय. मला त्याला घुमताना ऐकायचंय."

मग त्यांनी चादरी दुपारी वाळवायला सुरुवात केली आणि सकाळ मोकळी ठेवली. सकाळी नळाला पाणी यायची वेळ झाली, की वर पंपाचं बटण दाबलं जाण्याआधीच काकू गीझर लावायच्या, मग हीटर, मग इस्त्री. फ्यूज जाणार नाही इतपतच. माझा हीटर मी स्वतः उचलून नेऊन दिला, आणि खोटं कशाला सांगू, मेट्रो चुकवून थांबले. वरून घूंऽऽ आवाज आला. पंप घुमत राहिला, फिरेना. नळाचं पाणी येऊन गेलं. काकूंनी काकांना चाकांच्या खुर्चीत बसवून, जिथून वरचे आवाज खाली येतात त्या डक्टच्या खिडकीशी आणलं होतं. त्यांच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "ऐकताय ना?" काकांचा डावा गाल हलला. वरच्या त्या घुमण्याइतका सुंदर आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

सेक्रेटरींनी मेकॅनिक आणला. तो दुपारी आला, आणि पंप अर्थातच उत्तम चालला. कपॅसिटर बदलला, पंपही बदलला. घरात पाण्याचा ठणठणाट, बायको बादल्या घेऊन खालून पाणी वर नेतेय. शेवटी ते स्वतः काकूंच्या दारात आले आणि विचारलं, आंटीजी, तुमच्याकडे व्होल्टेज कसं आहे? काकूंनी त्यांना आत बसवलं, चहा दिला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, मोटर पुरानी हो गई होगी. बदल लो." सेक्रेटरींची नजर आधी ओळीने लावलेल्या हीटरकडे गेली, मग इस्त्रीकडे. चहा अर्धा टाकून ते उठले. संध्याकाळच्या आत त्यांचं कनेक्शन मूळ फेजवर गेलं.

इथे थांबलं असतं तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती. ड्रायर सकाळी सुरळीत फिरू लागला, चादरी पुन्हा उबदार निघू लागल्या. पण काकांच्या कमरेची जखम भरली नाही. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस पडून असलेल्या माणसाला असं होतंच. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही. फेब्रुवारीत ती जखम चिघळली, ताप चढला, आणि काका गेले.

तेराव्यानंतर सेक्रेटरी भेटायला आले. हात जोडून, मान खाली घालून बसले. आंटीजी, काही चुकलं असेल तर माफ करा, असं पुटपुटले. काकूंच्या हातात विणकाम नव्हतं. त्यांनी सेक्रेटरींकडे सरळ पाहिलं.

"मशीन का झूठ माफ़. लोडवाली बात भी माफ़," त्या म्हणाल्या. "लेकिन इतने दिन मैंने अपने हाथ से उन्हें गीली चादर पर सुलाया. वो माफ़ नहीं."

उन्हाळ्याआधी मुलगी येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला पोटाशी धरलं. सेक्रेटरींचा विषय काढला नाही, माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाही.

सेक्रेटरी अजून वरच राहतात. आता थकलेत, आणि लिफ्टमध्ये भेटले की आपण होऊन नमस्ते म्हणतात. मला वाईट वाटतं त्यांचं, नाही असं नाही. तरी मी उत्तर देत नाही.