दुसऱ्या रांगेतली टोपी

ऑर्व्हिलचं डोकं सकाळपासून फिरलेलंच होतं. त्यात लायल गळ्यात मोत्यांच्या माळा घालून बाहेर आला.

"अरे, गिरणीच्या सिनेमाला मोती कशाला?"

"मग काय पिठाचं पोतं घालून येऊ? गाण्यांच्या सिनेमाला नटूनच जायचं असतं. जन्म गेला तुझा कॅस्ट्रोत, आपल्यासारख्या पुरुषांच्या वस्तीत, एवढंही कळू नये?"

ऑर्व्हिलने उभी हयात सॅन फ्रान्सिस्कोत ट्राम चालवण्यात आणि प्रवाशांवर खेकसण्यात काढली. घरी खेकसायला लायल होताच. दोघांचा संसार जुना, भांडण त्याहून जुनं. नेब्रास्कातल्या आपल्या गावी, मिसरूड फुटायच्या आधी, ऑर्व्हिलने आईबरोबर हा सिनेमा पाहिला होता. गिरणीवाल्याची पोरगी, दुष्ट सावकार, शेवटी लग्न आणि नाच. त्या नाचात सगळे गडी आपापल्या पोरीकडे वळतात. दुसऱ्या रांगेतला एकजण तेवढा वळत नाही. तो शेजारच्या गड्याची टोपी काढतो, फुंकर मारून तिच्यावरचं पीठ उडवतो आणि ती हलकेच त्याच्या डोक्यावर ठेवतो. बस्स, एवढंच. पण जगात आपण एकटे नाही, हे पोरसवदा ऑर्व्हिलला तेवढ्यावर कळलं होतं.

लायलला मात्र ती टोपी कधी दिसली नाही. टीव्हीवर चित्राच्या कडा कापलेल्या असत, नेमकी ती रांग त्यात जायची. "तुझ्या मनाचे खेळ रे! आपल्यासाठी आहे काय त्यात? ना ठसक्याची नटी, ना पिसांचा झगा. नुसतं पीठ!" मित्रमंडळीही तेच म्हणत. ऐकून ऐकून हल्ली ऑर्व्हिललाही धास्ती वाटायची, की टोपी खरंच होती का? म्हणून तर वर्षानुवर्षं थेटरवाल्यांचं डोकं खाऊन त्याने एक रविवारची दुपार मिळवली होती.

थेटर भरलं, पण आमच्या लोकांची खोड कुठे जाते? पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडलं की यांनी उत्तर दिलंच पाहिजे. काही सिनेमांना तर ओरडायची वाक्यंही ठरलेली. सावकार आला, सगळ्यांनी फुस्स केलं. नायिका आली, कुणी ओरडलं, "अगं भवाने, तो झगा आहे की पडदा?" हशा. नायकाने बाह्या सारल्या, शिट्ट्या. लायलही माळा हलवत चेकाळला होता.

ऑर्व्हिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उभा राहून गरजला, "गप्प बसा! जरा बघा तरी!"

मग अख्ख्या थेटराने आनंदाने साथ दिली, "गप्प बसा! जरा बघा तरी!"

मेल्यांना वाटलं, या सिनेमात ओरडायचं ठरलेलं वाक्य हेच! मग काय, सावकार बोलला की "गप्प बसा!", गाय हंबरली तरी "गप्प बसा!" ऑर्व्हिलने कपाळावर हात मारला. "चल घरी. या गाढवांपुढे गीता नको." तो निघालाच होता, पण लायलने त्याला कोट धरून खाली बसवलं.

लग्नाचा नाच सुरू झाला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाळी दिली, "गप्प बसा!"

"जरा बघा तरी!" सगळे ओरडले. आणि ओरडून झाल्यावर खरंच गप्प बसून बघू लागले.

गडी वळले. दुसऱ्या रांगेतला एक वळला नाही. त्याने शेजाऱ्याची टोपी काढली, फुंकर मारली. पीठ उडालं. टोपी परत डोक्यावर बसली.

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत एक घोगरा आवाज पुटपुटला, "अगं बाई..."

दिवे लागले तरी लायल माळा मुठीत धरून बसून होता.

"होती रे," तो म्हणाला. "टोपी होती."

या दिवसासाठी ऑर्व्हिलने चाळीस वर्षं शिव्या साठवून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

"मला वाटायला लागलं होतं," तो म्हणाला, "एकटा होतो म्हणून मीच ती रचली असेल."