कोरियन पाहुण्यांसाठी जपानी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.ए. होऊन नागपुरात घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणजे जपानी शिकत होतो. प्रताप नगरातले एक निवृत्त गृहस्थ तरुणपणी जपानात राहून आलेले, ते संध्याकाळी फुकट शिकवायचे. बाबांच्या मते शिकवणारा आणि शिकणारा दोघेही रिकामटेकडे. नोकरी काही लागत नव्हती.

मग शहराबाहेर वाडी गावापलीकडच्या एका सूतगिरणीत कोरियातून मशीन आली आणि ती बसवायला दोन कोरियन इंजिनिअर. मालकांनी दुभाषा म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, मला जपानी येते, कोरियन नाही.

"जपानी काय अन् कोरियन काय, सारखंच असते गा. जमवून घे. जमलं तर पक्का करतो तुले."

अगदीच खोटं नव्हतं ते. गुरुजींनी सांगितलं होतं, दोन्हींची ठेवण एक, क्रियापद आपल्यासारखं शेवटी, वडीलधाऱ्यांशी बोलायला दोन्हीकडे खास अदबीची तऱ्हा. वचनाला जपानी माणूस याकुसोकु म्हणतो, कोरियन याकसोक. पण हात, आई, भात, असे घरचे शब्द मात्र पार वेगळे. एवढ्या शिदोरीवर मी गेलो.

धाकट्या इंजिनिअरला काहीच कळेना. थोरला साठीकडे झुकलेला. मी बोललो की तो खाली मान घालून नट आवळायचे पाने पुसत बसे. एकदा मी जपानीत म्हटलं, डावीकडचा पट्टा सैल वाटतो, आणि त्याचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला. म्हणजे त्याला सगळं कळत होतं! माझं डोकंच फिरलं. हा माणूस माझ्या पोटावर पाय देत होता.

चहाच्या वेळी मी त्याला तोंडावर विचारलं, का बोलत नाही? तेव्हा तो बोलला, माझ्याहून कितीतरी सफाईदार जपानीत.

"आमच्यावर जपान्यांचं राज्य होतं. शाळेत कोरियन शब्द तोंडून निघाला की मार बसायचा. आईनं ठेवलेलं नावसुद्धा बदलायला लावलं. तुम्ही चांगलं बोलता. माझ्याशी बोलू नका."

हे सांगायलाही त्याला तीच भाषा घ्यावी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक लांबून पाहत होते. खूश होऊन आले. "बोलला ना? म्हटलं नव्हतं? उद्यापासून पक्का समज."

मी नाही म्हणालो. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"त्याचं दुःख त्याच्यापाशी. तू काहून सोडली हातची नोकरी?"

पुढची कितीतरी वर्षं मी घरीच होतो, आणि दर वर्षी तो प्रश्न मला थोडा जास्त पटत गेला.