मायलेजचा दुसरा टप्पा

कमी पेट्रोलमध्ये गाडी जास्त कशी पळेल, यावर संशोधन करायला आमच्या नांदेडच्या कॉलेजला सरकारी अनुदान मिळालं होतं. प्रकल्पप्रमुख आमचे सर, मी सहायक. दर शनिवारी आम्ही विभागाची छोटी कार घेऊन लातूरला जायचो. सर एकाच वेगानं चालवायचे, मी शेजारी बसून आकडे लिहायची. लोह्याच्या पुढं चढ लागला की ते बोलणं थांबवायचे.

पुढच्या टप्प्याच्या निधीसाठी दिल्लीच्या समितीपुढं ऑनलाइन सादरीकरण ठरलं. त्याच्या आठवडाभर आधी सर गेले. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी गोवर्धन घाटावर चितेपुढं उभी होते. रडू आलं नाही. प्राचार्य म्हणाले, तारीख पुढं मागून घेऊ. मी म्हणाले, नको, स्लाइड तयार आहेत.

त्या दिवशी स्क्रीनवर पाच चेहरे होते. त्यातल्या एकांनी विचारलं, प्रमुख संशोधक दिसत नाहीत?

"सर नाहीत," मी म्हणाले.

"काही हरकत नाही. जॉइन झाले की सांगा."

"बरं," म्हणून मी पहिली स्लाइड लावली. चुकले असेन. नंतर कॉलेजनं रीतसर पत्र पाठवून कळवलं.

दोन महिन्यांनी मंजुरी आली. प्रमुख म्हणून माझं नाव होतं. पत्र घेऊन सरांच्या घरी गेले. काकूंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"हाव, मिळंल म्हणले होते ते," एवढंच त्या बोलल्या. मग मला जेवायला बसवलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या. चव आठवत नाही.

पुढच्या शनिवारी स्टिअरिंगवर मी होते आणि वही घेऊन शेजारी प्रयोगशाळेतले मामा, आमचे जुने कर्मचारी. लातूरच्या पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली, म्हणजे वाटेत किती पेट्रोल लागलं ते कळतं. मामांनी भागाकार केला, तो परत एकदा करून पाहिला.

"मॅडम, मायलेज सरांच्यापेक्षा जास्त आलंय," ते हळूच म्हणाले.

लिहून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. मागं एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. मी गाडी पुढं घेतली.