चूलमास्तर

कुठल्याही घरात शिरलं की मास्तर माणसाकडे बघायचेच नाहीत, आधी चुलीकडे बघायचे. ‘या’ म्हणणारी बाई दारात उभी, आणि हे वाकून राखेत बोट घालतायत! पाचोडकडच्या बायांनीच त्यांचं नाव चूलमास्तर पाडलं. आमच्या संस्थेत दुष्काळाची पाहणी कशी करायची ते नव्या पोरापोरींना तेच शिकवायचे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले.

“माणूस लाजंनं खोटं बोलतं, ताई,” ते म्हणायचे. “चुलीला लाज नसती. अन् डबे बघा. पालथे डबे म्हंजी घरात दाणा नाय. भरल्या घरात डबे पालथे घालायला सवड कुणाला असती?” वैजापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. एकदा माझा फॉर्मचा अख्खा गठ्ठा त्यांनी परत केला. “हे समदं तुमी कागदाला इचारलंय, बाईला नाय.” मी तणतणले, पण मुकाट्यानं पुन्हा गावात गेले.

एके वर्षी संस्थेचं अनुदान अडकलं. सात महिने कुणालाच पगार नाही. मलाही नाही, पण माझे वडील बँकेत, घर स्वतःचं. मला आपलं वाटायचं, चालतंय की सगळ्यांचं! मास्तर ऑफिसात डबा आणायचे बंद झाले. विचारलं की आज सोमवार, आज गुरुवार, आज एकादशी. “मास्तर, देव कंटाळला असेल हो तुमच्या उपासांना,” असं मी, मीच म्हणाले होते. सगळे हसले, तेही हसले.

मे महिन्यात सह्या हव्या होत्या म्हणून त्यांच्या खोलीवर गेले. वाळूजच्या वाटेवर नव्या बिल्डिंगांच्या मागे भाड्याची एक खोली. पाणीसुद्धा ड्रमावर विकत. काकू म्हणाल्या, “बसा, चहा ठेवते.” तेवढ्यात मास्तर घाईनं म्हणाले, “नगं, ताईला ॲसिडिटी हाय. चहा चालत नाय.” मला आणि ॲसिडिटी! दिवसाला सहा कप रिचवणारी मी. हसून काही बोलणार, तोच नजर फळीवर गेली. एकूण एक डबा पालथा. दुपारचे बारा वाजलेले, शेगडी लख्ख पुसलेली, आणि गॅसची टाकी नळी काढून कोपऱ्यात आडवी.

देवा रे! उपाशी घर ओळखायला ज्यानं शिकवलं, त्याच्याच घरात मी उभी होते. आणि सात महिने याच माणसाच्या शेजारी बसून मी पोळी-भाजी खात होते.

बाहेर आल्यावर मी कसंबसं विचारलं, “मास्तर, किती दिवस झाले?” ते कडाडले, “माझ्या घराची पाहणी केलीस व्हय?” एरवी मला अहोजाहो करणारा माणूस! त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले.

दुसऱ्या एका संस्थेत आमच्या ओळखीच्या आपा होत्या. त्यांच्यापुढे जाऊन मी रडले. त्या म्हणाल्या, “अगे, हमारे इधर बी वहीच हाल है. किसकू बोलूँ?” मी थक्कच झाले. गावोगावची हलाखी लिहून आणणारे आम्ही, शेजारच्या टेबलावर एकानंही विचारलं नव्हतं! शेवटी आपांनीच पाच संस्थांच्या कार्यकर्त्यांना एका हॉलमध्ये बोलावलं आणि सरळ विचारलं, “या महिन्यात ज्यांच्या घरी किराणा भरला नाही, त्यांनी हात वर करा.”

सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. मास्तरांचा. त्यानंतर एकेक करत अर्धा हॉल. रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे आमचे हिशेबनीस, आणि सगळ्यात शेवटी खुद्द आपा.

त्या बैठकीतून सामाईक निधी निघाला. पाचही संस्थांनी थोडं थोडं बाजूला टाकायचं आणि ज्या संस्थेचं अनुदान अडकेल तिथल्या लोकांना त्यातून किराणा द्यायचा. रडतखडत का होईना, तो चालला. मास्तरांनीही किराणा घेतला, सगळ्यांच्या रांगेत उभं राहून.

हळूहळू ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. पुढं ते गावी परत निघाले, तेव्हा मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. राहवलं नाही म्हणून विचारलं, “माझ्यावर एवढे चिडला होतात, मग त्या दिवशी हात कसा काय वर केलात?”

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. “पंधरा वर्सं लोकांना इचारत फिरलो, ताई, घरात दाणा हाय का म्हून. इचारणं सोपं असतं. सांगताना हात लई जड हुतो, ते त्या दिवशी कळलं. तवा नसता उचलला, तर पुन्यांदा कुणाच्या दारात कंच्या तोंडानं गेलो असतो?”