अपिलात गेलेलं घर

माझ्या पणजीचा खटला वकिलीच्या पुस्तकांत छापलेला आहे. लॉ कॉलेजात प्राध्यापकांनी तो शिकवला तेव्हा मी मान खाली घालून लिहून घेत होते. त्यांच्या लेखी तो एकत्र कुटुंबाच्या कर्जाविषयीचा एक सोपा निवाडा होता. आमच्या घरी त्याला ‘आपलं अपील’ म्हणत.

हकीकत इंग्रजांच्या अमदानीतली. आम्ही मूळचे तंजावरचे मराठी. दोन भाऊ मद्रासला आले, त्यांनी कापडाचं दुकान काढलं आणि मैलापुरात घर घेतलं. धाकटा, म्हणजे माझे पणजोबा, ऐन तारुण्यात गेले. मागे विधवा पणजी आणि रांगता मुलगा. थोरल्याने दुकानाच्या नावावर कर्ज काढलं आणि मग दिवाळखोरीचा अर्ज केला. घर लिलावात निघालं, ते घेतलं त्याच्याच मेव्हण्याने.

पणजी कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने निम्मं घर तिच्या मुलाचं ठरवलं. अपिलात ते उलटलं. कर्ज कुटुंबाच्या धंद्याचं, तेव्हा अल्पवयीन मुलाचा हिस्साही त्याला बांधील, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. पणजीला घर सोडावं लागलं. पुढे थोरला बायकोमुलांसह पुन्हा त्याच घरात राहायला आला. पणजी मैलापुरातच लोकांच्या घरी स्वयंपाक करत राहिली. त्या रस्त्याने मात्र ती कधी गेली नाही.

हे सगळं मला आत्याने सांगितलं, माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने. आत्याने लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं आणि पणजीला शेवटपर्यंत सांभाळलं. त्या घरात कुणी वारल्याचं कळलं की आत्या त्या दिवशी केसरी, म्हणजे गोड शिरा, करायची, भरपूर तूप घालून. मला वाटीत देताना कारण सांगायची नाही. मोठी झाल्यावर मला ते आपोआप कळलं, आणि तरीही मी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. थोरल्याचे पणतू, म्हणजे नात्याने माझे भाऊच. साठी उलटलेले, बँकेतून निवृत्त झालेले. अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी बोलत होते. घर विकायचं होतं, मुलाला शहराबाहेर शोळिंगनल्लूरला मोठा फ्लॅट घ्यायचा होता. बिल्डर तयार होता, पण त्याच्या वकिलाला जुना खटला सापडला होता. पुढे कटकट नको म्हणून त्याला धाकट्या पातीकडून, म्हणजे पणजोबांच्या वंशजांकडून, हरकत नसल्याची सही हवी होती. त्या पातीत उरलो होतो आत्या आणि मी.

कायद्याने आमचा काडीचाही हक्क नव्हता, हे मला पुरतं ठाऊक होतं. बिल्डरच्या वकिलाला एक फोन केला असता तरी त्याचं समाधान झालं असतं. मी त्यांना म्हटलं, आत्याला येऊन विचारा.

ते रविवारी बायकोला घेऊन आले. फळं, फुलं, विड्याची पानं, सगळं रीतसर. आत्याने फिल्टरची कापी दिली आणि विचारलं की तुझ्या पणजोबाने काय केलं ते तुला ठाऊक आहे का. ते म्हणाले, जुन्या गोष्टी, कोण लक्षात ठेवतं. तेव्हा आत्याने मला निवाडा वाचायला सांगितला. मी इंग्रजी वाक्य वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. मेव्हण्याच्या नावापाशी आले तेव्हा त्यांची बायको नवऱ्याकडे पाहू लागली.

मी थांबल्यावर त्यांनी कापीचा पेला संपवला. त्या वेळी चूक झाली एवढं जरी म्हणाले असते, तरी आत्याने सही केली असती असं मला वाटतं. मी केली असती की नाही, सांगता येत नाही. ते म्हणाले, “आत्या, हायकोर्टाने न्याय दिलेला आहे. त्यात आपण काय बोलणार?”

आत्याने पेला खाली ठेवला. तिच्या बोलण्याला तमिळ हेल होता आणि आवाज कधी चढत नसे. “कोर्टानं घर दिलं म्हणतोस नव्हे? मग माझी सही सुम्मा, उगाच, कशाला मागतोस? त्या कोर्टाचीच दाखव जा.”

फळांची टोपली तिने त्यांच्याबरोबर परत पाठवली.

बिल्डरच्या वकिलाचा मला फोन आला. आमचा विचार चालू आहे, एवढंच मी म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तो बिल्डर गेला, दुसरा आला, त्यालाही मी हेच उत्तर दिलं. गेल्या वर्षी आत्या वारली. तेराव्याला ते गृहस्थ आले, जेवले, आणि निघताना हळूच म्हणाले की आता तुमची एकटीचीच सही पुरे. मी त्यांच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मग एकदा सिरुसेरीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मराठी त्याला येत नाही, पण बोलला सरळ. तुम्हाला नक्की काय हवंय, असं त्याने विचारलं. तोवर हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, “काही नको.”

“मग अडवता कशाला?”

“मी काही घेतलेलं नाही तुमचं. फक्त देत नाहीये.”

शेवटी घर गेलं. आमच्या सहीवाचून घ्यायला तयार झालेल्या एका माणसाने भाव पाडून ते घेतलं, आणि मुलाने मोठ्या फ्लॅटऐवजी लहान घेतला. मला हे कोर्टाच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने सांगितलं. वाईट वाटेल का, याची मी घरी जाईपर्यंत वाट पाहिली. वाटलं नाही. त्या रात्री मला छान झोप लागली.