अबाह ओयोनचं नापास विमान

आमच्या बांडुंगच्या कारखान्यातून खरी विमानं वर्षाला दोन निघतात, नशीब जोरावर असलं तर तीन. आमच्या मॉडेलच्या खोलीतून आठवड्याला चार. तरी पेपरात फोटो त्यांचे. आमचं एकही विमान आजवर कोसळलेलं नाही. एका मंत्र्याच्या टेबलावरून एक खाली आलं, ते त्याच्या मांजरामुळे.

खोली अबाह ओयोन सुतार्यांची, चौतीस वर्षं. अबाह म्हणजे बाबा, सगळा कारखाना त्यांना तसंच म्हणतो. मी इमास, त्यांच्या हाताखाली बारा वर्षं लाकूड घासणं, पुट्टी आणि रंग. तयार विमानावर मारायचा 'पास'चा शिक्का अबाहांच्या खिशात असायचा. नापासाला शिक्का नव्हता, त्याला त्यांचं तोंड पुरे. अंगठ्याचं नख पंखावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "हे मुसळ आहे. घरी ने, मिरच्या कुट."

आमच्याकडे माणूस निवृत्त होताना त्याला विमानाचं मॉडेल देतात. शिपायाला वीतभर, साहेबाला हातभर. त्याने पोचपावतीवर सही केली की मगच निवृत्तीचे कागद पुढे सरकतात. मॉडेल करणाराही एक दिवस म्हातारा होईल, हे नियम करणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

एप्रिलमध्ये ऑर्डर आली. घेणार: ओयोन सुतार्या. करणार: ओयोन सुतार्या. तपासणार: ओयोन सुतार्या. अबाहांनी कागद दोनदा वाचला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने मला चहा पाजला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

मेमध्ये त्यांनी विमान केलं आणि नापास केलं. डावं इंजिन म्हणे केसभर खाली. जूनचं शेपटीत गेलं. जुलैचं रंगात, आणि रंग माझा होता, म्हणून मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पावती नाही म्हणून निवृत्ती नाही. सकाळी साडेसातला अबाह हजर.

गेटबाहेर त्यांची बायको, अंबू एनार, कोबीच्या भज्यांची गाडी लावते. तिला म्हटलं, तुम्ही तरी समजावा.

"मी कशाला?" ती म्हणाली. "घरी बसले तर माझी भजी तपासतील. हे टोक करपलं, ते कच्चं राहिलं. असू दे बाई तिथेच, तुला सवय आहे."

ऑगस्टमध्ये आस्थापना विभागाचे पाक गुमिलार (साहेबाला आमच्याकडे पाक म्हणतात) घाम पुसत आले.

"अबाह, तुमचं विमान उडणार तरी कधी?"

"चुकीच्या विमानावर शिक्का मारू का, पाक? तेवढं लिहून द्या, लगेच मारतो."

पाक गुमिलार लिहून देणाऱ्यातले असते तर त्या विभागात टिकले नसते. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "इमासताई, महिनाअखेरीला ही खुर्ची रिकामी झाली तर तुमची. नाहीतर पदच रद्द होणार. मॉडेलं बाहेरून घ्यायचं ठरतंय."

मी अबाहांना सांगितलं.

"असं ते दर वर्षी सांगतात," ते म्हणाले.

मला राग आला. बारा वर्षं ज्या खुर्चीसाठी या माणसाची बोलणी खाल्ली, तिला तो गोचिडासारखा चिकटला होता. मी ऑर्डरवरचं 'करणार' पुढचं नाव खोडून माझं लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत लाकूड तासायला बसले. सतरा दिवस लागले. अबाहांना दिसत होतं. ते खिडकीकडे तोंड करून भात खायचे.

तीस तारखेला विमान त्यांच्यापुढे ठेवलं. पाक गुमिलार पावती घेऊन उभेच होते. अबाहांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, पट्टी लावली, पुन्हा उजेडात धरलं. पाक गुमिलारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग नख निघालं. नाकापासून शेपटीपर्यंत, डावा पंख, उजवा पंख, आणि उजव्या पंखाच्या मुळाशी थांबलं.

तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं. पुट्टी जास्त घासली गेली होती, कागदाच्या जाडीइतका खळगा. डोळ्यांपासून मी तो रंगाने लपवला होता, नखापासून काय लपवणार?

"म्हणा नापास," मी म्हटलं.

अबाहांनी शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि मारला. अबाहांचं मन बदलायच्या आत पाक गुमिलारांनी पावती पुढे सरकवली. अबाहांनी सही केली.

मग ते माझ्याकडे वाकले. "उजव्या पंखाचं मूळ. पुढच्या विमानात असं सापडलं तर खिडकीबाहेर फेकीन."

"पुढच्या विमानाला तुम्ही नसाल, अबाह."

"म्हणून तर आत्ताच ओरडून घेतोय," ते म्हणाले. पण इतक्या हळू, की शेजारी उभ्या पाक गुमिलारांनाही ऐकू गेलं नाही.