डीनची बेसलाइन

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर," डीन म्हणाला आणि थांबला. छताकडे पाहिलं. "ऑगस्ट. जुलै. नाही, थांब. ऑगस्ट."

मी पेन हातात धरून हसत होतो. तोही हसला. माझ्या मागे जर्सींच्या घड्या घालणारा आमचा किटमॅन रफिक, राजापूरकडचा, मराठीत पुटपुटला, "साहेब, ह्याला वर्षाचे महिने येत नाहीत आणि हा आपल्याला लीग जिंकून देणार काय?"

"अरे, मुद्दाम करतोय," मी म्हणालो. "सगळे करतात."

त्या एका वाक्याबद्दल हे सगळं लिहितोय. बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकलो आणि पोटासाठी इकडे आलो. तेव्हा अमिरातीतल्या सेकंड डिव्हिजनच्या एका फुटबॉल क्लबात नोकरीला होतो. राहायला शारजात, अल नहदाला. क्लबचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंही. स्टेडियम मोठं, प्रेक्षक मोजके, आणि प्रत्येक मोसमात एक परदेशी खेळाडू आणायचा शौक. तो स्वस्तात का मिळतो, हे विचारायची पद्धत नव्हती.

त्या मोसमाचा परदेशी म्हणजे डीन. हे नाव मी बदललंय. इंग्लंडचा, मिडफिल्डर. मिडफिल्डर म्हणजे मैदानाच्या मधला माणूस. मागून बॉल घ्यायचा, वळायचं, पुढे द्यायचा. गोल दुसरे करतात, फोटो दुसऱ्यांचे येतात. डीनची गोष्टही तशीच. आठव्या वर्षी एका मोठ्या क्लबच्या ॲकॅडमीत. सोळाव्या वर्षी त्यांनी सांगितलं, उंची कमी आहे, जा. मग खालच्या डिव्हिजनमध्ये, पावसाने चिखल झालेल्या मैदानांवर, वर्षानुवर्षं. तिथून एक-एक पायरी चढत अगदी वरच्या लीगमध्ये दीड मोसम. नंतर त्याच पायऱ्या उतरत खाली. चौतिसाव्या वर्षी आमच्याकडे.

"खालच्या लीगमध्ये बॉल जमिनीवर नसतोच," तो मला एकदा मसाज टेबलवर पडल्या पडल्या म्हणाला होता. "गोलकीपर लांब किक मारतो. ती उतरते माझ्या डोक्यावर. मग त्यांचा गोलकीपर मारतो. तीही माझ्याच डोक्यावर. मॅच संपली की सोमवारी प्रॅक्टिसला पुन्हा तेच."

मी म्हणालो, "मस्त." मला मसाज संपवून ट्रॅफिकच्या आधी शारजा गाठायची होती.

आता ती टेस्ट. डोक्याला मार लागला की मेंदूला किती हिसका बसला, ते बाहेरून कळत नाही. बऱ्याचदा स्कॅनमध्येसुद्धा काही दिसत नाही. म्हणून मोसम सुरू होण्याआधी, खेळाडू ठणठणीत असताना, त्याची एक परीक्षा घेतात. काही शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. आकडे उलटे म्हणायला लावायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं. जो स्कोअर येईल ती त्याची बेसलाइन. पुढे मार लागला की तीच परीक्षा परत घ्यायची. स्कोअर पडला, तर गडी बाहेर.

खेळाडू काही दुधखुळे नसतात. ते सुरुवातीलाच ढ बनतात. बेसलाइन मुद्दाम खराब देतात. मग मार लागल्यावरही स्कोअर 'तेवढाच' येतो आणि खेळायला मिळतं. ही चलाखी धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मी तर त्यावर एका कॉन्फरन्समध्ये चांगला तासभर ऐकून, सर्टिफिकेट घेऊन आलो होतो. ते फ्रेम करून क्लिनिकच्या भिंतीवर लावलं होतं. नियम असा, की शंका आली तर टेस्ट परत घ्यायची आणि न्यूरॉलॉजिस्टला कळवायचं. डीनने पाच शब्दांतले दोन सांगितले. एका पायावर डगमगला. मला शंका आली नाही, खात्री झाली. मी ओळखलं ना त्याला! ओळखल्याच्या आनंदात मी पुढचं काहीच केलं नाही. डोळा मिचकावला आणि त्याला सोडून दिलं.

मोसम सुरू झाला. डीन चांगला खेळत होता. बॉल येण्याआधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचा. ते त्याच्या शरीरात भिनलेलं होतं, त्याला डोकं लागत नव्हतं. मीटिंगची वेळ मात्र विसरायचा. पोरं त्याला 'अंकल' म्हणायची.

मग एका मॅचमध्ये कॉर्नरला उडी मारताना समोरच्याचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं. खाली पडला तो हात न टेकता पडला. मी धावत गेलो.

"डीन, आपण कुठे आहोत?"

त्याने इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव घेतलं. मी त्याला बाहेर काढलं. एवढं एक बरोबर केलं.

पुढची मॅच आठवड्याने, तीही वरच्या नंबरच्या टीमशी. आमचा टीम मॅनेजर कॅप्टन हानी. इजिप्तचा, कधीकाळी खेळलेला, म्हणून आयुष्यभर कॅप्टन. एरवी मला 'फिजिओ' म्हणायचा. काम असलं की 'डॉक्टर'.

"डॉक्टर, हबीबी, कसा आहे आपला इंग्लिश?"

"डोकं दुखतंय म्हणतो. दोन आठवडे तरी द्यायला हवेत."

"दोन आठवडे? क्लबचे प्रेसिडेंट येतायत मॅचला. पाहुणे घेऊन येतायत. पाहुण्यांना काय तुला दाखवू?"

"कॅप्टन, नियम आहे."

"नियमात टेस्ट आहे ना? मग टेस्ट घे. पास झाला तर खेळेल. मी तुला खोटं लिहायला सांगतोय का? कधी सांगितलंय?"

खरंच, त्याने कधी सांगितलं नव्हतं. असली माणसं सांगत नाहीत. आपण समजून घेतो. क्लबचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा आणि मी बोट ठेवेन तिथे सही करायचा. तेव्हा निर्णय माझाच होता.

टेस्ट घेतली. पाच शब्दांतले दोन. महिने परत सप्टेंबरपाशी अडकले. स्कोअर बेसलाइनएवढाच.

आता बघा, इथे शाळेतल्या पोरालाही कळेल असा हिशोब होता. बेसलाइन मुद्दाम खराब दिलेली, असं मी मानत होतो. मग आत्ताचा तेवढाच स्कोअर म्हणजे हा माणूस खरोखर ठीक नाही, कारण आता तर जीव तोडून करतोय. आणि बेसलाइन खरी असेल, तर हा माणूस आमच्याकडे आला तेव्हाच ठीक नव्हता. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच, खेळवू नका. तिसरा अर्थ कागदापुरता होता. 'स्कोअर पडलेला नाही. फिट.' मी तो घेतला. डॉक्टरने सही केली. कॅप्टन हानीने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं. लाज अशी लगेच येत नसते.

मॅचला प्रेसिडेंट आले, पाहुणे आले, कॉफी फिरली. पहिला हाफ डीन छान खेळला. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, हे तुम्हाला माहीत असेलच. दुसरा हाफ सुरू झाला. बॉल डीनकडे आला. त्याने सवयीने दोन्ही खांद्यांवरून पाहिलं, वळला आणि आमच्याच दोन डिफेंडरांच्या मधून, आमच्याच गोलच्या दिशेने पास दिला. त्या मोसमात एवढा देखणा पास कुणी दिला नव्हता. समोरच्या टीमचा स्ट्रायकर तिथे आयता उभा होता. त्याने गोल केला.

डीनने टाळ्या वाजवल्या. आपल्या पोराला शाबासकी द्यावी तशा.

स्टेडियम हसलं. पाहुणे हसले. रफिक मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "साहेब, हा पण मुद्दाम काय?"

मी औषधांच्या बॅगेची चेन लावत राहिलो.

घरी पोहोचायच्या आधीच क्लिप पोहोचली होती. आमच्या बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी टाकली, खाली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे. "काका तुमच्या क्लबचा ना हा?" माझा मुलगा म्हणाला, "बाबा, ही इज सच अ क्लाउन." ग्रुपवर गप्प बसलो तर विचित्र दिसेल, म्हणून मीही एक हसरा चेहरा टाकला. तो अजून तिथे असेल.

दुसऱ्या दिवशी हसणं संपलं आणि कुजबुज सुरू झाली. एवढा अनुभवी माणूस चुकून असा पास देईल? मॅच विकली. प्रेसिडेंटच्या ऑफिसात मीटिंग झाली. डीन एका टोकाला, मी दुसऱ्या.

"तू सांग," कॅप्टन हानी त्याला म्हणाला. "कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"मला वाटलं, पहिला हाफ चाललाय," डीन म्हणाला.

कुणीतरी फस्सकन हसलं.

"फिजिओ," कॅप्टन माझ्याकडे वळला. आता डॉक्टर नव्हतो मी. "हा मेडिकली फिट होता?"

डीन माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, आशेने बघत होता. मी 'नाही' म्हटलं असतं, तर त्याचं नाव वाचलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. कदाचित लायसन्सही.

"टेस्टप्रमाणे फिट होता," मी म्हणालो.

"खलास," कॅप्टन म्हणाला.

गैरवर्तन म्हणून डीनचा करार संपवला. फुटबॉलमध्ये खेळाडूला एकदा मॅच विकल्याचा वास लागला, की तो जात नाही. सिद्ध काहीच करावं लागत नाही. सव्वीस वर्षं चिखलात आणि थंडीत घासलेली कारकीर्द एका क्लिपमध्ये बसली.

इंग्लंडला परत जायच्या आधी त्याची बायको मला भेटायला आली, केली तिचं नाव. क्लबच्या पार्किंगमध्ये, भर उन्हात, गाडीतून न उतरता बोलत होती. रडत नव्हती. तिला तिकडच्या डॉक्टरला दाखवायला डीनच्या सगळ्या टेस्ट हव्या होत्या.

"सुरुवातीची कशी होती?" तिने विचारलं.

"ॲव्हरेज," मी म्हणालो.

"खरंच? मला भीती होती. इंग्लंडमध्येच तो विसरायला लागला होता. इथे अशी टेस्ट असते कळल्यावर आठवडाभर तयारी करत होता. लेकीला शाळेत सोडताना गाडीत दोघं मिळून महिने उलटे म्हणायचे. ती जिंकायची." केली एकदाच हसली. "त्या दिवशी घरी आला तो खुशीत. म्हणाला, चांगली गेली असणार. फिजिओ सारखा हसत होता."

मी टेस्टच्या कॉपी देतो म्हणालो. दिल्या नाहीत. तिचे दोन मेल आले, मी 'चेक करतो' लिहिलं. मग मेल यायचे थांबले आणि मला हायसं वाटलं. असाच मोसम गेला. दुसराही गेला. मध्ये क्लबने एक ब्राझीलचा पोरगा आणला, त्याची बेसलाइन मी घेतली. महिने उलटे म्हणताना तो अडखळला आणि माझ्या हातातलं पेन खाली पडलं. तो पोर्तुगीजमध्ये विचार करून इंग्रजीत बोलत होता, एवढंच होतं. पण त्या रात्री मी केलीला सगळं लिहिलं. टेस्ट जोडल्या. मी काय समजलो, काय केलं, मीटिंगमध्ये काय बोललो, सगळं. सकाळी तेच पत्र क्लबला दिलं.

कॅप्टन हानीने ते उभ्याउभ्या वाचलं. "तुला कुणी विचारलं होतं?"

"तेव्हा विचारलं होतं," मी म्हणालो. "तुम्हीच."

नोकरी गेली. लायसन्सची चौकशी झाली, समज देऊन सोडलं. क्लबने माफी वगैरे मागितली नाही. क्लब माफी मागत नसतात. डीनच्या फाइलवर 'गैरवर्तन' काढून 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलं, तेही डीनच्या बाजूने वकिलाचं पत्र आल्यावर. टाळ्या वाजवणाऱ्या डीनची क्लिप अजून फिरते. तिच्याखाली कुणी दुरुस्ती टाकत नाही.

केलीचं उत्तर दोन ओळींचं होतं. कागद मिळाले, डॉक्टरांना दिले. हे तेव्हा मिळायला हवे होते. शेवटी नुसतं नाव. माफ केलं असं तिने लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेवढी अक्कल उरली होती.

आता मी अबू धाबीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये असतो. फुटबॉलर येत नाहीत. येतात ते ऑफिसवाले, कंबर धरून. ईदच्या सुट्टीला एक दिवस जोडून हवा असला की कंबर जास्त धरते. रिसेप्शनवरची मुलगी दारातूनच मला खूण करते, सर, नाटक आहे.

बहुतेक वेळा नाटकच असतं. तरी मी त्यांना टेबलवर झोपवतो, पाय उचलायला लावतो, मणके एकेक करून दाबून बघतो. वेळ जातो, मालक कुरकुरतो. पण समोरचा खोटं बोलतोय हे आधीच ठरवलं, की तपासायचं काही उरतच नाही. मला ते फार सोपं पडायचं.